धुऱ्याचा धूर होतो तेव्हा

‘धुराच्या वादातून सख्ख्या भावांत हाणामारी’ असा मथळा सकाळी छापून येतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटतं, चुलीचा धूर शेजाऱ्याच्या घरात शिरला असेल. यवतमाळ-अकोल्याकडच्या वाचकाला पुढच्या दोन ओळींतच कळतं की भांडण धुऱ्याचं आहे, म्हणजे दोन वावरांच्या मधल्या बांधाचं. तालुक्याच्या वार्ताहराने ‘धुऱ्याच्या’ असंच लिहून पाठवलेलं असतं. मधे तो शब्द कोणाला तरी खटकतो आणि ‘सुधारला’ जातो. संगणकातला स्पेलचेकर गप्प बसतो, कारण ‘धुराच्या’ हा शब्द त्याच्या लेखी अगदी बरोबर आहे.

डेस्कवर, म्हणजे वर्तमानपत्रात बातम्या तपासून पान लावतात तिथे, सगळ्यात जास्त छळणारी चूक ही अशी असते. ‘जेष्ठ’, ‘उर्जा’, ‘आर्शिवाद’ डोळ्यांना खुपतात, वाचक नाक मुरडतो, पण अर्थ त्याला कळतो. शब्द शुद्ध पण भलत्याच जागी बसलेला असला, की चूक झाल्याचंच कोणाला कळत नाही. ग्रामीण पानावर त्याचा भुर्दंड वाचकाला बसतो. कोणी नसलेल्या केंद्रावर ट्रॅक्टर भरून माल नेतो, कोणी न मिळणाऱ्या रकमेसाठी बँकेत खेटे घालतो. म्हणून पान छपाईला सोडायला वीस मिनिटं उरली असतील तर पंधरा या शब्दांना द्यावीत आणि पाच ऱ्हस्व-दीर्घाला, असं माझं मत. व्याकरणाचे जाणकार रागावतील, रागावोत.

बोलीतल्या शब्दांपासून सुरुवात करू, कारण तिथे चूक वार्ताहर करत नाही, डेस्क करतो. ‘वावर’ म्हणजे आपल्याकडे विदर्भात शेत. प्रमाण मराठीत वावर म्हणजे ये-जा. ‘वावरात वाघाचा वावर’ हे वाक्य दोन्ही अंगांनी बरोबर आहे, पण ओळ कमी करताना पहिला शब्द पुनरुक्ती समजून उडवला जातो. उरतं ‘वाघाचा वावर’. वाघ शेतात होता की जंगलात, हेच मग बातमीतून गेलं. ‘बंडी’ म्हणजे बैलगाडी. ‘बंडीखाली दबून मजूर जखमी’ हे वाचून बिनबाह्यांच्या जाकिटाखाली माणूस दबला कसा, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने शब्द कापण्याआधी फोन उचलावा. ‘गोटा’ म्हणजे दगड आणि ‘गोठा’ जनावरांचा. ‘गोट्याला आग, तीन बैल होरपळले’ हे एका ‘ठ’चं पोट फुटल्याने होतं, आणि हे दोन्ही शब्द खरे असल्याने कुठलंही यंत्र ते पकडत नाही.

बोलीतला शब्द काढू नये. बातमीत तो पहिल्यांदा येतो तिथे कंसात अर्थ द्यावा: धुरा (बांध), बंडी (बैलगाडी). मथळ्यात तो जिल्ह्याच्या आवृत्तीपुरता ठेवावा आणि बातमी मुख्य आवृत्तीत जात असेल तर मथळा बदलावा, मजकूर तसाच राहू द्यावा. वार्ताहराचा फोन लागला नाही तर अनोळखी शब्दाला हात लावू नये. अनोळखी शब्द छापला तर दहा जण विचारतात. चुकीचा ओळखीचा शब्द छापला तर कोणीच विचारत नाही.

‘धुऱ्याच्या’चं ‘धुराच्या’ माणूस करतो, पण ‘धुर्याच्या’ संगणक करतो. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी तयार होतं. नवी तऱ्हा म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ‘य’. इन्स्क्रिप्ट कळपाटावर (कीबोर्डवर) शिफ्ट-जे, डी आणि स्लॅश. जुनी तऱ्हा म्हणजे साधा ‘र’, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह (झिरो विड्थ जॉइनर) आणि ‘य’. मजकूर व्हॉट्सअॅपवरून आला, तिथून मेलमध्ये आणि मेलमधून पान लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला, की वाटेत हे न दिसणारं चिन्ह पुष्कळदा गळून पडतं. मग ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं. ते निदान चुकीचं दिसतं तरी. ‘आचाऱ्यांचा सत्कार’मधलं चिन्ह गळालं तर ‘आचार्यांचा सत्कार’ होतो, आणि लग्नात स्वयंपाक करणाऱ्या मंडळींचा मान परस्पर विद्वानांना जातो. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर डोंगराच्या जागी समुद्र येतो, तोही चिखलदऱ्याच्या बातमीत.

उपाय सोपा आहे. पान पूर्ण झाल्यावर ‘र्य’ हे अक्षर शोधायला लावावं आणि प्रत्येक ठिकाणी थांबावं. कार्य, सूर्य, धैर्य, आचार्य, कार्यालय, पर्यंत, मर्यादा अशा संस्कृतातून आलेल्या शब्दांतले हे खरे ‘र्य’. बाकी जवळजवळ सगळे ‘ऱ्य’ असायला हवेत. एकदम सगळे बदलण्याचं बटण इथे दाबू नये, नाहीतर ‘काऱ्यालय’ छापून येईल.

एकदम बदलता येतील अशा चुकाही आहेत. ‘ध्द’ हे जोडाक्षर मराठीत लागतच नाही, म्हणून ‘शुध्द’, ‘प्रसिध्द’, ‘बौध्द’ यांतला ‘ध्द’ डोळे मिटून ‘द्ध’ करावा. ‘पुर्न’चा ‘पुनर्’ करावा, म्हणजे ‘पुर्नवसन’चं ‘पुनर्वसन’ आणि ‘पुर्नरचना’चं ‘पुनर्रचना’ आपोआप होतं. मूळ शब्द ‘पुनर्’, त्यातला रफार पुढच्या अक्षरावर जातो, मागे येत नाही. ‘अंर्तगत’चं ‘अंतर्गत’ त्याच कारणाने. ‘दुरावस्था’ मात्र हाताने बदलावी. दुर् अधिक अवस्था, म्हणून ‘दुरवस्था’. रस्त्यांची ही अवस्था दर पावसाळ्यात मथळ्यात येते आणि दर पावसाळ्यात तिच्यात एक काना जास्तीचा असतो.

‘पिक’ कधीही एकदम बदलू नये. पीक दीर्घ, पण पिके, पिकाला, पिकांचे ऱ्हस्वच. ‘पिक’च्या जागी सगळीकडे ‘पीक’ टाकलं की ‘पीकांचे’ आणि ‘ऑलिंपीक’ दोन्ही तयार होतात. सुट्टा ‘पिक’ आणि ‘पिकविमा’, ‘पिककर्ज’ एवढेच शोधावेत. संस्कृतात पिक म्हणजे कोकीळ. तेव्हा ‘पिक विमा योजनेला मुदतवाढ’ ही कोकिळांसाठी आनंदाची बातमी ठरते.

आता शेतीच्या पानाकडे. इथे चूक झाली तर हिशेब चुकतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग हा धानाचा पट्टा. धान म्हणजे टरफलासकट साळ. धान्य म्हणजे कुठलंही. ‘धान खरेदी केंद्र’ हे आधारभूत किमतीने साळ घेणारं केंद्र. डेस्कवरच्या माणसाला ‘धान’ अपुरं वाटतं, तो ‘धान्य खरेदी केंद्र’ करतो आणि ज्याच्या घरी हरभरा पडलाय तोही चौकशीला जातो. तिसरा शब्द याहून घोटाळ्याचा. ‘भरडधान्य’ म्हणजे ज्वारी, बाजरी, मका, नाचणी. ‘धान भरडाई’ म्हणजे गिरणीत धानाचा तांदूळ करणं. ‘भरडधान्याची उचल रखडली’ आणि ‘भरडाईसाठी धानाची उचल रखडली’ या दोन निराळ्या बातम्या आहेत, निराळ्या पिकांच्या. सरकारी भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ धरतात. त्यामुळे बातमीत धान आणि तांदूळ हे शब्द एकमेकांच्या जागी आले की आकडा तिसऱ्या हिश्श्याने खोटा होतो. क्विंटलचा आकडा दिसला की शेजारचा शब्द धान आहे की तांदूळ, हे बोट ठेवून पाहावं.

कापसाचंही तसंच. शेतकरी विकतो तो कापूस, सरकीसकट, म्हणजे बियांसकट. जिनिंगमधून निघते ती रुई आणि सरकी. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. प्रेसिंगमध्ये रुईची गाठ बांधली जाते, १७० किलोची. व्यापारी रुईचा भाव खंडीवर बोलतात आणि ही खंडी ३५६ किलोची. ‘कापूस खंडीमागे एवढ्यांनी वधारला’ असं छापलं की शेतकरी तो भाव क्विंटलला लावून बसतो आणि बाजार समितीत अडत्याशी वाद घालतो. खंडीचा भाव असेल तर शब्द ‘रुई’ हवा, क्विंटलचा असेल तर ‘कापूस’. पूर्वेकडे धानाचीही खंडी असते, तिचं माप रुईच्या खंडीशी जुळत नाही. त्यामुळे खंडी शब्द आला की कशाची, हे लिहिल्याशिवाय वाक्य सोडू नये.

‘उत्पादन’ आणि ‘उत्पन्न’ यांच्यावर भांडण जुनं आहे. बोलताना कास्तकार ‘एकरी आठ क्विंटल उत्पन्न’ म्हणतो आणि त्याच्या तोंडचं वाक्य अवतरणात असेल तर तसंच ठेवावं. बातमीदाराच्या वाक्यात मात्र माल तो उत्पादन आणि पैसा तो उत्पन्न. ‘उत्पन्न घटलं’ म्हटलं तर भाव पडल्याने घटलं की अळीने, हे कळत नाही. ‘उत्पादन वाढले, उत्पन्न घटले’ हा मथळा कापसाच्या आणि सोयाबीनच्या बाबतीत खराही असतो, आणि घाईत तो कोणीतरी ‘उत्पादन वाढले, उत्पादन घटले’ करून ठेवतो.

जमिनीची मापं. सातबाऱ्यावर क्षेत्र ‘हे.आर.’मध्ये असतं. १.२० हे.आर. म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. ‘आर’ हा ‘एकर’चा संक्षेप समजून ‘१.२० एकर’ छापलं तर निम्म्याहून जास्त जमीन छापखान्यातच गेली. १०० आर म्हणजे एक हेक्टर, हेक्टर म्हणजे २.४७ एकर, एकर म्हणजे ४० गुंठे. एवढं कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवावं.

पीकविम्याच्या बातमीत तीन रकमा असतात आणि तिन्हींना सर्रास ‘विम्याची रक्कम’ म्हटलं जातं. हप्ता म्हणजे शेतकरी भरतो तो पैसा. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत शेतकऱ्याचा वाटा खरिपात जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के. विमा संरक्षित रक्कम म्हणजे हेक्टरी जास्तीत जास्त जितक्या रकमेला संरक्षण आहे ती. भरपाई म्हणजे नुकसानीच्या प्रमाणात हाती येणारी रक्कम. ‘सोयाबीनला हेक्टरी अमुक हजार विमा’ या वाक्यातला आकडा बहुधा संरक्षित रकमेचा असतो आणि वाचक तो भरपाईचा समजतो. पुढे सहा महिने तालुका कृषी कार्यालयात त्या कात्रणावरून भांडणं होतात. ‘मदत’ हा चौथा शब्द. आपत्तीनंतर सरकार देतं ती मदत, विमा कंपनी देते ती भरपाई. एकाच वाक्यात दोन्ही आले तर दोन वाक्यं करावीत.

‘अतिवृष्टी’ हा शब्द तर फार उधळला जातो. महसुली हिशेबात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी. ४० मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस. मथळा ‘तालुक्यात अतिवृष्टी’ आणि आत आकडा ४० चा असेल तर मथळा बदलावा, कारण नुकसानीचा अर्ज भरणारा मथळा वाचून भरतो. ‘ढगफुटी’ म्हणायला तासाभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस लागतो. तसं मोजलेलं नसेल तर निदान ‘ढगफुटीसदृश’.

‘नजरअंदाज’ हा शब्द विदर्भात जपून वाचावा. पैसेवारी (पीक किती आलं याचा पैशांत मांडलेला सरकारी आकडा) तीनदा जाहीर होते: ३० सप्टेंबरला नजरअंदाज म्हणजे हंगामी, ३१ ऑक्टोबरला सुधारित, ३१ डिसेंबरला अंतिम. इथे नजरअंदाज म्हणजे नजरेने केलेला अंदाज. हिंदीतला ‘नजरअंदाज’ म्हणजे दुर्लक्ष. नागपूरच्या हवेत वाढलेल्या एखाद्या नव्या उपसंपादकाने ‘नजरअंदाज पैसेवारी’चं ‘दुर्लक्षित पैसेवारी’ केलं तर तो त्याच्या परीने मराठीच सुधारत असतो. शिवाय तीन पैसेवाऱ्यांपैकी कोणती, हा शब्द गाळू नये. ५० पैशांच्या खाली की वर, यावर टंचाईच्या सवलती ठरतात, आणि सप्टेंबरचा आकडा डिसेंबरपर्यंत टिकेलच असं नाही.

हिंदीचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवू. आपल्या भागात बातमीदार हिंदी बोलतो, पोलीस हिंदी बोलतात, वृत्तसंस्थेची बातमी हिंदीत येते. त्यातून जे शब्द मराठीतही आहेत पण निराळ्या अर्थाने, ते अलगद आत शिरतात. ‘गावकऱ्यांनी पोलिसांना सूचना दिली.’ मराठीत याचा अर्थ गावकऱ्यांनी पोलिसांना काय करायचं ते सांगितलं. त्यांनी फक्त कळवलेलं असतं. ‘ठाणेदारांना याची सूचना मिळाली’चाही तोच प्रकार, तिथे ‘माहिती’ हवी. ‘दोन संदिग्ध ताब्यात’: मराठीत संदिग्ध म्हणजे अर्थ स्पष्ट नसलेलं, माणूस ‘संशयित’ असतो. ‘कायद्यात संशोधन’: मराठीत संशोधन प्रयोगशाळेत होतं, कायद्यात दुरुस्ती होते. ‘सदस्यांनी आपत्ती नोंदवली’: आपत्ती म्हणजे पूर, वणवा, सदस्य हरकत नोंदवतात. ‘शिक्षा’ची गोष्ट जरा वेगळी. ‘समग्र शिक्षा’ हे योजनेचं अधिकृत नाव आहे, ते ‘समग्र शिक्षण’ करू नये. मात्र ‘मुलींच्या शिक्षेसाठी निधी’ हे वाक्य दिसलं तर पान थांबवावं.

गुन्ह्यांच्या बातमीत एक अक्षर माणसाला कोर्टात नेतं. ‘अपहार’ म्हणजे पैसे खाणं, ‘अपहरण’ म्हणजे माणूस पळवणं. ‘निधीचे अपहरण’ विनोदी आहे, पण ‘सचिवाविरुद्ध अपहरणाचा गुन्हा’ विनोदी नाही. गुन्हा दाखल झाला तो आरोपी, न्यायालयाने ठरवला तो दोषी, आणि गुन्हा दाखल व्हायच्या आधी चौकशीला नेलेला तो संशयित किंवा नुसता ‘एक जण’. जामिनावर सुटका झालेल्याची ‘निर्दोष सुटका’ करू नये. न्यायालयाने न्यायालयीन कोठडी दिली असेल तर ‘पोलीस कोठडी’ लिहू नये. एकीत माणूस कारागृहात जातो, दुसरीत ठाण्यात राहतो. ‘फिर्यादी’ आणि ‘आरोपी’ यांची नावं उलटी पडणं हा लांब वाक्याचा दोष आहे. ‘याने त्याला त्याच्या घरासमोर’ अशा वाक्यात कोण कोणाचा हे बातमीदारालाही सांगता येत नाही. तिथे सर्वनाम काढून नाव टाकावं, दोनदा आलं तरी चालेल.

‘जमावबंदी’ आणि ‘संचारबंदी’ यांत मोठं अंतर आहे. जमावबंदीत माणूस बाजाराला जाऊ शकतो, संचारबंदीत घराबाहेर पडू शकत नाही. पूर्वी दोन्हींच्या आदेशात फौजदारी प्रक्रिया संहितेचं ‘कलम १४४’ असायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर तिथे कलम १६३ आलं. जुन्या सवयीने १४४ अजून छापलं जातं. नुसता कलमाचा आकडा देऊन भागत नाही, आदेशात नेमकं काय बंद आहे ते वाचून शब्द निवडावा.

हुद्द्यांमध्ये सर्वांत महाग पडणारी जोडी म्हणजे ‘वनरक्षक’ आणि ‘वनसंरक्षक’. वनरक्षक हा बीटवर (जंगलाच्या नेमून दिलेल्या भागात) फिरणारा कर्मचारी. त्याच्या वर वनपाल, मग वनपरिक्षेत्र अधिकारी, सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक आणि त्याहून वर वनसंरक्षक. लाच घेताना वनरक्षक सापडला आणि मथळ्यात ‘सं’ जास्त पडला, तर सकाळी फोन वरून येतो. ‘मुख्याधिकारी’ नगर परिषदेचा, ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ जिल्हा परिषदेचा. जागा वाचवायला दुसऱ्याचं पहिलं करता येत नाही. ‘गटविकास अधिकारी’ आणि ‘गटशिक्षणाधिकारी’ दोघेही पंचायत समितीत बसतात, म्हणून आणखी चुकतात. ‘सरकारी अभियोक्ता’ वकील असतो आणि ‘अभियंता’ पूल बांधतो. ‘पतसंस्था’ पैशाची, ‘पथदिवे’ रस्त्याचे. आणि पतसंस्था ‘अवसायनात’ निघाली म्हणजे गुंडाळायला घेतली. त्याचं ‘व्यवसायात’ झालं तर ठेवीदार निश्चिंत होतो. निश्चिंतच, निश्चित नव्हे. अनुस्वार पडला की अर्थ फिरतो.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ‘एकमताने’ आणि ‘एका मताने’ यांचा गोंधळ दर वेळी होतो. एकमताने म्हणजे सगळ्यांनी मिळून, एका मताने म्हणजे चुरशीत, अगदी काठावर. ‘उपसरपंचपदी एकमताने विजयी’ यातला ‘विजयी’ शब्दच सांगतो की काहीतरी गडबड आहे. एकमताने निवड होते, एका मताने विजय होतो. ‘बिनविरोध’ हा तिसरा प्रकार, दुसरा अर्जच नसेल तेव्हा. मतांचे आकडे बातमीत नसतील तर मागवावेत, मग शब्द आपोआप सापडतो.

धरणाच्या बातमीत ‘क्युसेक’ आणि ‘क्युमेक’. पहिलं घनफूट प्रतिसेकंद, दुसरं घनमीटर प्रतिसेकंद, आणि एक क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक. नदीकाठच्या गावाला ‘५०० क्युमेक विसर्ग’ म्हणजे सावध होण्याची वेळ, ‘५०० क्युसेक’ म्हणजे फारसं काही नाही. जलसंपदा विभागाच्या पत्रकात ‘घ.मी.प्र.से.’ असं असतं, त्याचं भाषांतर करताना एक अक्षर घसरतं. साठ्याचं एकक दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांगायचं तर एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. ‘पाणलोट क्षेत्र’ म्हणजे जिथून पाणी धरणात येतं, ‘लाभक्षेत्र’ म्हणजे जिथे कालव्याने जातं, ‘बुडीत क्षेत्र’ म्हणजे जे पाण्याखाली जातं. पुनर्वसन बुडीत क्षेत्राचं असतं. नदीचं नाव तर दोनदा पाहावंच. पैनगंगा बुलडाण्यात उगम पावून वाशीम-यवतमाळच्या बाजूने वाहते, वैनगंगा भंडारा-गडचिरोलीकडे. ‘प’ आणि ‘व’ यांच्यात अख्खा विदर्भ आडवा आहे.

गावांच्या नावांना नियम नाही, फक्त तक्ता. आर्वी वर्ध्यात, आर्णी यवतमाळात, आरमोरी गडचिरोलीत. देवळी वर्ध्यात, देवरी गोंदियात. कारंजा दोन: वाशीमचं लाड, वर्ध्याचं घाडगे. चांदूरही दोन, रेल्वे आणि बाजार, आणि दोन्ही अमरावतीतच. मालेगाव म्हटलं की सगळ्यांना नाशिकचं आठवतं, पण वाशीम जिल्ह्यातही तालुक्याचं मालेगाव आहे. मूल हा चंद्रपूरचा तालुका. ‘मूल येथे’ लिहावं, ‘मुलात’ नव्हे. एरवी ‘नागपुरात’, ‘चंद्रपुरात’ असा उकार ऱ्हस्व होतो, गावाचं नाव एकटं असताना मात्र ‘नागपूर’ दीर्घच. फोटोओळीत गावाचं नाव आणि बातमीत गावाचं नाव निराळं नाही ना, हे शेवटी एकदा पाहावं. फोटोओळ बहुधा दुसऱ्याच माणसाने लिहिलेली असते.

दोन तारखांना शब्द चुकणं फार वाईट दिसतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. तो ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’. प्रवर्तन म्हणजे चाक फिरवणं, गती देणं. घाईत ते ‘परिवर्तन’ होतं. ‘दीक्षाभूमी’तला ‘दी’ दीर्घ. ६ डिसेंबर हा ‘महापरिनिर्वाण दिन’, आणि तिथे ‘परिनिर्माण’ छापल्यावर कितीही मोठा खुलासा केला तरी तो पुरा पडत नाही. जाहिरात विभागाकडून येणारी अभिवादनाची पानं डेस्कवर न येता थेट छपाईला जातात, चूक तिथेच राहते. या दोन दिवशी तरी ती पानं उपसंपादकाच्या हातून जावीत. ‘स्मृतिदिन’ समासात ऱ्हस्व, ‘स्मृती’ सुट्टा दीर्घ. तसंच ‘कृषिमंत्री’ पण ‘कृषी विभाग’. ‘अधीक्षक’, ‘निरीक्षक’, ‘परीक्षा’ यांत ‘ईक्ष’ धातू आहे म्हणून दीर्घ, ‘अधिकारी’त नाही म्हणून ऱ्हस्व. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा नियम दोन-तीन पानांत मावतात. ते जवळ असले की ऱ्हस्व-दीर्घाची ती पाच मिनिटं पुरतात.

पान तपासण्याचा क्रम असा बरा पडतो. आधी फक्त आकडे आणि त्यांची एककं, बाकी काही न वाचता. मग माणसांची नावं, हुद्दे, गावं. मग ‘र्य’, ‘पुर्न’, सुट्टा ‘पिक’ असे शोध. मथळे सगळ्यात शेवटी आणि मोठ्याने, शक्य तर बातमी न वाचलेल्या माणसाकडून, कारण बातमी वाचलेल्याचे डोळे मथळ्यात हवा तोच शब्द पाहतात. बोलून टाइप केलेली बातमी असेल तर वार्ताहराला तसं वर लिहायला सांगावं. त्यात ‘वैध’ आणि ‘अवैध’, ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ यांतला ‘अ’ हमखास गिळला जातो. शेतकरी आत्महत्येच्या मदतीच्या यादीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ यांचे आकडे बेरजेने तपासावेत. एकूण प्रकरणांतून पात्र, अपात्र आणि प्रलंबित वजा करून शून्य यायला हवं.

एवढं करूनही चूक सुटली तर खुलासा त्याच पानावर आणि त्याच आवृत्तीत द्यावा. आकडा, तारीख, केंद्राचं नाव चुकलं असेल तर चुकीचं आणि बरोबर दोन्ही छापावं, कारण वाचकाने कात्रण कापून ठेवलेलं असतं आणि कोणतं रद्द झालं हे त्याला कळायला हवं. माणसावरचा आरोप चुकला असेल तर फक्त बरोबर ते छापावं. चुकीचा शब्द खुलाशात पुन्हा लिहिला, की ज्यांनी पहिली बातमी वाचली नव्हती त्यांनाही तो कळतो.